शेवटच्या धक्क्याची वाट

मित्रांनो, मला हातात घ्याल तर जरा जपून घ्या. माझा उजवा कान अजून शाबूत आहे, डाव्यातून मात्र खरखर येते, आणि डोक्यावरच्या पट्टीला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. मी हेडफोन आहे. पेरू देशातल्या चिंबोते बंदरात आमादेओकाकांचा सायबर कॅफे आहे. तिथल्या चार नंबरच्या मशीनवर मी अकरा वर्षं काढली.

माझा जन्म फार दूरच्या एका कारखान्यात झाला. एका बाईने मला कानाला लावून एकदाच 'पीं' असा आवाज ऐकला, मान हलवली आणि मला खोक्यात घातलं. त्या बाईचा चेहरा मला आठवत नाही. आम्हा हेडफोनांना चेहरे दिसतच नाहीत. आम्हाला माणसं कळतात ती त्यांच्या श्वासावरून, कानाच्या उबेवरून आणि आवाजावरून. चिंबोतेत आलो तेव्हा सगळ्यांच्या केसांना एकच वास यायचा, मासळीच्या भुकटीचा. आधी मला तो सोसवेना. पुढे एखाद्याच्या केसांना तो वास आला नाही, तर हा परगावचा दिसतो असं मीच मनात म्हणू लागलो.

माझे खरे मालक आमादेओकाका, पण मला वापरलं ते येर्सनने. येर्सन मासेमारीच्या बोटीवर जाळं ओढायला जायचा. बोट धक्क्याला लागली की आंघोळ करून, भाजलेल्या मक्याची पुडी घेऊन तो दुपारी चार नंबरवर येऊन बसायचा. त्याच्या एका बाजूला यामिलेत बसायची, ती शाळेत गणित शिकवायची. दुसऱ्या बाजूला पर्सी, पावाच्या भट्टीवरचा, ज्याला सगळे जाड्या म्हणायचे. तिघं शाळेपासूनचे सोबती. तिघांचा आवडता गेम एकच, 'शेवटचा धक्का'.

तो बंदुकांचा गेम होता, पण इतरांसारखा नव्हता. धुक्याने भरलेलं बंदर, हातात एक जुनी बंदूक, मोजून सहा गोळ्या, आणि ऐकू आल्याशिवाय शत्रू दिसायचा नाही. तो ज्यांनी बनवला ती उत्तरेकडच्या कुठल्या थंड देशातली बारा-पंधरा माणसं. वीस वर्षांत त्यांनी चारच गेम काढले होते. कच्चं काही बाजारात आणायचं नाही, अशी त्यांची ख्याती होती. आमच्या कॅफेत त्यांच्याविषयी मोठ्या आदराने बोललं जायचं. त्या गेमसाठी चार नंबरला बसायला भांडणं व्हायची, कारण पाऊल डावीकडून वाजलं की उजवीकडून, हे माझ्याइतकं नेमकं दुसरा कुणी सांगत नसे. "चार नंबरचा कान कुत्र्याचा आहे," असं येर्सन म्हणायचा. तेव्हा मला फार बरं वाटायचं.

मग बातमी आली, की ती मंडळी दुसरा भाग काढणार आहेत. तेव्हापासून वाट बघणं सुरू झालं. पहिल्या वर्षी एक चित्र आलं. दुसऱ्या वर्षी काहीच नाही. तिसऱ्या वर्षी म्हणाले, पुढच्या वर्षी. चौथ्या वर्षी म्हणाले, अजून मनासारखा झालेला नाही, माफ करा.

"करा बाबांनो, सावकाश करा," येर्सन म्हणायचा. "पण मी म्हातारा व्हायच्या आत करा!"

"तू कसला म्हातारा होतोस," जाड्या म्हणायचा. "तुला नेम धरता येतो का आधी बघ. काल मलाच मारलंस."

"तू एवढा मोठा मधे उभा, चुकणार कसा?"

पाचव्या वर्षी त्या मंडळींनी जाहीर केलं, की दुसऱ्या भागात वायरलेसवरून मदत मागणारा एक हरवलेला खलाशी असेल, आणि त्याला दर भाषेत खऱ्या बंदरातल्या खऱ्या माणसाचा आवाज हवा आहे. त्यांनी बारा वाक्यं लिहून दिली होती. जगभरातून कुणीही बोलून पाठवावीत. येर्सनने पाठवली. त्या दुपारी आमादेओकाकांनी सगळ्यांना गप्प बसवलं, पंखे बंद केले, आणि येर्सन माझ्या माइकमध्ये बोलला. ती बाराही वाक्यं माझ्यातून गेली. 'कुणी ऐकतंय का? मी धक्क्यावर आहे.' अशी त्यांची सुरुवात होती. शेवटचं वाक्य त्याने चार वेळा बोलून पाहिलं. 'माझी वाट बघू नका. तुम्ही निघा, कॅप्टन.' महिन्याभराने त्यांचं पत्र आलं. हजारो आवाजांतून त्यांनी त्याचाच आवाज निवडला होता. जाड्याने त्याला खुर्चीसकट उचललं, मी वायरीला लोंबकळत राहिलो.

ऑगस्टमध्ये त्याची बोट बेटापलीकडे धुक्यात उलटली. पाच जणांना दुसऱ्या बोटीने उचललं. येर्सन सापडला नाही. नंतरही सापडला नाही.

हे मला कॅफेतल्या बोलण्यावरून कळलं. चार नंबरवर कितीतरी दिवस कुणी बसेना. यामिलेत येऊन बाजूला बसायची, मशीन सुरू न करता उठून जायची. येर्सनची आई, तेओलिंदामावशी, तिने क्रियाकर्म करायचं नाकारलं होतं. आमच्याकडे समुद्रात गेलेल्या माणसाचे कपडे मांडून त्यांच्यापुढे बसतात, प्रार्थना करतात, मग फुलं पाण्यात सोडतात. मावशी कपड्यांना हात लावू देत नव्हती. "तो ओला होऊन येईल," म्हणायची, "कोरडं काही लागेल की नाही त्याला?"

असं वर्ष उलटलं. गेम अजून यायचा होता. मग एका दुपारी जाहिरात आली. कॅफेतली सगळी मशीनं भरली, आणि बऱ्याच दिवसांनी मी जाड्याच्या डोक्यावर चढलो. आधी नुसतं पाणी वाजत होतं. मग वायरलेसची खरखर. मग माझ्या दोन्ही कानांच्या मधोमध, जिथे ऐकणाऱ्याचं डोकं असतं अगदी तिथे, येर्सन म्हणाला, "कुणी ऐकतंय का?"

जाड्याने मला ओढून फेकलं. माझी पट्टी मोडली ती तेव्हा. कॅफेत दहा हेडफोन होते. दहांमधूनही तोच आवाज येत राहिला, आणि कुणीही हलत नव्हतं.

गोष्ट मावशीपासून लपवायची असं ठरलं. पण अर्ध्या वस्तीने ती ऐकली होती. दुसऱ्याच दिवशी मावशी दारात उभी.

"माझा मुलगा तुमच्या मशीनीत बोलतो म्हणे."

आमादेओकाका म्हणाले, "तेओलिंदा, ते आधीचं आहे. भरून ठेवलेलं."

"मला ऐकवा."

यामिलेतने मला तिच्या कानांवर बसवलं. त्या केसांना मासळीच्या भुकटीबरोबर भाताच्या वाफेचाही वास होता. तिने ते एकच वाक्य अकरा वेळा ऐकलं. मग माइक ओठांशी आणून हळूच म्हणाली, "मी ऐकतेय रे." पुढे ती गप्प राहिली, जसं माणूस उत्तराची वाट बघत गप्प राहतं. मित्रांनो, मी पुष्कळ ओरडणं ऐकलं आहे, रडणंही ऐकलं आहे. पण त्या गप्प बसण्याने माझ्या तारा थंड पडल्या.

यामिलेत तिला म्हणाली, "मावशी, बाकीचं गेम आल्यावर."

तेव्हापासून मावशी रोज सकाळी बाजारातून येताना कॅफेच्या दारात थांबायची आणि विचारायची, "आला का?"

आमादेओकाका म्हणायचे, "नाही अजून." नव्याने आलेल्या एकाने एकदा विचारलं, की या बाई कुणाची वाट बघतात, गेमची की मुलाची? काकांनी त्याला त्याच्या मशीनचा नंबर सांगितला. मला वाटतं, त्यांनाही ते नक्की ठाऊक नव्हतं.

शेवटी जूनमध्ये गेम आला. ज्या गेमसाठी सहा वर्षं पोरं दिवस मोजत होती, तो आला तेव्हा कॅफेत कुणी ओरडलं नाही. जाड्याने तो घरी एकट्याने आधी संपवला, आणि दुसऱ्या दिवशी यामिलेतला बाहेर नेऊन सगळं सांगितलं. मग मावशीला बोलावलं.

मी मावशीच्या कानांवर होतो, खेळत होती यामिलेत. स्क्रीनवर धुकं होतं आणि बाहेर, दाराशी, आमच्याकडे जूनमध्ये हिवाळा असतो, त्याचं नेहमीचं धुकं. खलाशी हाक मारायचा आणि हाकेच्या दिशेने जायचं, एवढाच खेळ. पण यामिलेतला आवाज येत नव्हता, तो एकट्या मावशीला येत होता.

"डावीकडे," मावशी म्हणाली. "डावीकडे आहे तो. पुढे. अगं, तिकडे नको, पाणी वाजतंय तिकडे."

गोळ्या सुटल्या की ती खांदे आवळायची, पण दिशा चुकायची नाही. इतक्या वर्षांत पट्टीचे खेळणारे माझ्यातून ऐकून गेले, तिच्यासारखं कुणी ऐकलं नाही. शेवटी ती त्यांना धक्क्याच्या टोकावरच्या खोपटापाशी घेऊन गेली. दार बंद होतं. आतून आवाज येत होता.

यामिलेतने हात काढून घेतला. "मावशी, इथे गेम अडकतो. उद्या बघू."

ते खोटं होतं. दारामागे माणूस नव्हता, टेबलावर नुसता वायरलेस होता, आणि शेवटचं वाक्य. हे जाड्याने सांगितलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मावशी वेणी घालून, स्वच्छ कपडे करून यायची. हाकेमागे जायची, दारापाशी पोचायची आणि म्हणायची, "उद्या येते हं, बाळा." सतरा दिवस हे चाललं. तिने घरी दोन ताटं वाढायला पुन्हा सुरुवात केली, असं शेजारीण सांगून गेली.

जाड्या चिडला. "किती दिवस तिला नादी लावणार आहेस? उघड ते दार!"

"तूच उघड. तुझ्याने होत असेल तर."

"माझ्याने होत असतं तर तुला सांगितलं असतं का?"

अठराव्या दिवशी खोपटापाशी पोचल्यावर मावशीने यामिलेतच्या हातावर हात ठेवला. "गेम अडकत नाही ना, पोरी?"

यामिलेतने माऊस पुन्हा घट्ट धरला.

"उघड."

दार करकरलं. आता, मित्रांनो, मी जे ऐकलं ते सांगतो. माझ्या डाव्या कानाला तेव्हाही खरखर होती, हेही आधीच सांगून ठेवतो. आत वायरलेस कुरकुरला. येर्सनने श्वास घेतला. तो श्वास मी ओळखतो. आणि तो म्हणाला, "माझी वाट बघू नकोस. तू निघ, आई."

मावशीने मला डोक्यावरून काढलं, दोन्ही हातांनी, आणि टेबलावर ठेवलं. "निघते," एवढंच म्हणाली.

त्या आठवड्यात तिने कपडे बाहेर काढले. शर्ट, पँट, रबरी बूट, सगळं पलंगावर माणूस निजावा तसं मांडलं. सगळी वस्ती त्यांच्यापुढे बसली, कोको आणि पाव वाटला गेला. सकाळी तीन बोटी बेटापर्यंत गेल्या आणि पांढरी फुलं पाण्यात सोडून आल्या. जाड्याला बोट लागली, तो परत येईपर्यंत ओकत होता, पण गेला.

त्यानंतर मावशी एकदाच कॅफेत आली. जाड्या म्हणाला, "मावशी, एक सांगू? तिथे 'तुम्ही निघा, कॅप्टन' असं आहे. मी नऊ वेळा ऐकलंय."

"तुला म्हणत असेल 'तुम्ही'," मावशी म्हणाली. "मला 'तू' म्हणाला."

ती गेल्यावर यामिलेतने मला लावून ते दार सहा वेळा उघडलं. सहाही वेळा आतून 'कॅप्टन' असंच ऐकू आलं.

मावशी आली होती तेव्हा आमादेओकाका मला तिला देत होते, मुलाची आठवण म्हणून. तिने घेतलं नाही. ती म्हणाली, "हे इथल्यांना लागेल. मला एकच टोचतं, आमादेओ. पाच वर्षं तो जेवताना त्या धक्क्याच्याच गोष्टी सांगायचा. काय येणार आहे, कसं असणार आहे. मी म्हणायची, गप जेव. एकदाही विचारलं नाही, की असं आहे तरी काय त्यात."

पुढे बिनवायरीचे हेडफोन आले आणि मी खोक्यात गेलो. माझ्यावर उंदरांनी भुकटीच्या वासाने दोनदा दात मारले आहेत. त्याचं फारसं वाईट वाटत नाही. माझ्या कामाचे दिवस भरपूर झाले.

तरी मित्रांनो, एक मागणं आहे. आम्हाला कानांवर चढवाल तेव्हा एक कान मोकळा ठेवा, घरातलं कुणी हाक मारत असेल. आणि ज्यांनी आम्हाला कधी हातात धरलं नाही, त्यांनाही सांगणं आहे. तुमच्या घरात कुणी एखाद्या गेमची, कसल्याही गोष्टीची वाट बघत असेल, तर हातातलं ताट खाली ठेवा, त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, "काय येणार आहे रे? सांग मला." मग तो सांगेल. खूप वेळ सांगेल. तेवढं ऐका.