दीड आटा जास्त

पुणे रोडवर एखादा ट्रक रस्त्याखाली गेला की पोलीस आधी बंदेनवाजला फोन करायचे. त्याच्या क्रेनवर हायड्रॉलिक विंच होता. तेलाच्या दाबावर ड्रम फिरायचा आणि जाडजूड वायर रोप गुंडाळत गाडी वर ओढायचा. क्रेन बंदेनवाजची होती, पण विंच खरा त्याच्याकडं कामाला असलेल्या शिवयोगीचा. अठरा वर्षं तोच तो सांभाळत होता.

सात रस्त्याजवळच्या गॅरेजमध्ये तो सकाळी सगळ्यांच्या आधी यायचा. तेलाची पातळी बघायचा, पायपांना कुठं पाझर आहे का ते चाचपायचा. मग सगळा रोप सोडून त्याच्यावरून फडकं फिरवायचा. फडकं अडकलं म्हणजे तिथली तार तुटलेली. कामावर गेल्यावर बघ्यांना मागं सारायचा. "रोप ताणलाय, रेषेत थांबू नगा," एवढंच म्हणायचा.

पंपाच्या बाजूला एक व्हॉल्व्ह होता. ओझं झेपेनासं झालं की तो उघडायचा, तेल परत टाकीत जायचं आणि ड्रम आपोआप थांबायचा. किती दाबाला थांबायचं, ते त्याच्यावरच्या स्क्रूवर ठरायचं. त्या स्क्रूला शिवयोगी कुणाला हात लावू द्यायचा नाही, बंदेनवाजलासुद्धा.

मार्चमध्ये चिंचोळी एमआयडीसीच्या पुढं सिमेंटचा एक भरलेला बल्कर टँकर रस्त्याकडेच्या चारीत उतरला. अकराचं ऊन, दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग. शिवयोगीनं हूक लावला, बंदेनवाजनं लिव्हर ओढला. बल्कर हातभर हलला आणि ड्रम थांबला.

"भाई, झेपंना," शिवयोगी म्हणाला. "गॅरेजातनं कप्पी आणू. रोप दुहेरी केला की निगंल."

"तासभर जाईल की."

"जाऊ दे."

चाक कशात रुतलंय ते बघायला तो चारीत उतरला. पोलीस दोनदा येऊन बोलून गेले होते. बंदेनवाजनं पाना घेतला आणि तो स्क्रू दीड आटा आवळला.

शिवयोगी वर आला तेव्हा बंदेनवाजनं सांगितलं, "कप्पी आणायच्या आधी एकदा परत बघू."

शिवयोगी हसला. "बघा. न्हाई निघालं तर आपला थांबतोय त्यो." आणि नेहमीच्या जागी, बाजूला जाऊन उभा राहिला.

या वेळी ड्रम थांबला नाही. रोप तुटला आणि एरवी पोचला नसता तिथवर उलटा फिरून शिवयोगीच्या छातीवर बसला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

पंचनाम्यात लिहिलं गेलं, शिवयोगी सुरक्षित अंतरावर उभा नव्हता. बंदेनवाजनं तसाच जबाब देऊन सही केली. दुसऱ्या दिवशी स्क्रू पुन्हा होता तिथं आणून ठेवला.

चाळीस दिवसांनी शिवयोगीची बायको यशोदा गॅरेजमध्ये आली. तिला खुर्ची दिली तरी ती उभीच राहिली.

"भाई, एक इचारायचंय. लोकांला लांब उभं करणारा माणूस. सोता जवळ कसा थांबला?"

बंदेनवाजनं खुर्ची आणखी पुढं सरकवली.

"गावात म्हंत्यात, पिऊन आला असंल. त्यांनी कधी हात लावला न्हाई दारूला. सासऱ्यांनी लाजंनं देवळात जायचं सोडलंय."

ती आणखी काही मागायला आली नव्हती. बंदेनवाज पायरीवर बसला.

"वहिनी, तो जागेवरच उभा होता," तो म्हणाला. "दाब मी वाढवला होता. त्याला सांगितलं नाही."

सगळं त्यानं सांगितलं. पाना, स्क्रू, दुसऱ्या दिवशी परत सैल केला तेही. यशोदा ऐकत राहिली. डोळे पुसले नाहीत तिनं.

"ह्ये गावात येऊन बोला," ती म्हणाली. "आनि पोलिसांत लिहून द्या." मग पदर सावरून बसस्टँडकडं निघून गेली.

दुसऱ्याच दिवशी तो अक्कलकोटच्या अलीकडं त्यांच्या गावी गेला. शिवयोगीचे वडील तात्याबा ओट्यावर बसले होते. शेजारची चार माणसं होती, त्यांच्यासमोरच त्यानं सांगितलं. म्हाताऱ्यानं मध्ये एकदाही टोकलं नाही. 

"त्याला कळलं का?" तात्याबांनी विचारलं. "तू आवळलंस म्हून?"

"नाही."

"मरताना बी न्हाई?"

"नाही, तात्या. माझा हात धरला होता त्यानं."

म्हाताऱ्यानं मान हलवली. "बरं झालं. तुझ्यावर राग न धरता गेला." मग म्हणाला, "आमाला तसं जमायचं न्हाई. तू जा आता."

बंदेनवाज तिथून थेट ठाण्यात गेला आणि जबाब बदलून दिला. गुन्हा नोंदवला गेला, क्रेन जप्त झाली. केस चालू आहे. वकील म्हणतो, बोलला नसता तर काहीच झालं नसतं.

जबाबाची नक्कल यशोदानं मागून घेतली. देवळापुढच्या कट्ट्यावर बसून तिनं ती पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवली. तात्याबा तिच्या शेजारी बसून होते.