मार्चपर्यंत प्रलंबित

आमच्या घरात कशाची फाईल नाही, असं नाही. गिझरची आहे, मुलाच्या मुंजीची आहे, आणि माझ्या फुप्फुसांची तर चांगली तीन खंडांत आहे. माझे यजमान गुणवंत छत्तीस वर्षं केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात होते आणि अवर सचिव म्हणून निवृत्त झाले. दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही मयूर विहारच्या सोसायटीत राहायला आलो, तेव्हा ऑफिस सुटलं, पण नोटिंग सुटलं नाही. नोटिंग म्हणजे कोणी काय सुचवलं, कोणी काय ठरवलं, ते फाईलमध्ये ओळीने लिहायचं आणि खाली सही ठोकायची. लिहिल्याशिवाय या माणसाला घास गिळवत नाही. ऑफिसात इंग्रजी-हिंदी चालायची, घरच्या फायली मात्र मराठीत, हा त्यांचा बाणा.

मी चंद्रप्रभा, वय सहासष्ट. माझी फुप्फुसं आक्रसत चालली आहेत. नाकात नळी असते आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्र घरघरत असतं. यंत्र विजेवर चालतं. नळी काढून मी घरात थोडीफार फिरू शकते, पण फार वेळ नाही. दिल्लीची हवा दिवाळीपासून बिघडते, ती होळीपर्यंत. मागचे दोन हिवाळे मी खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या लावलेल्या एका खोलीत काढले. तिसरा काढणार नाही, असं मी जून महिन्यातच जाहीर केलं होतं.

डॉक्टरांची ना नव्हती. हवा बदलली तर बरंच, यंत्र मात्र बंद पडता कामा नये, एवढंच ते म्हणाले. मला समुद्राकाठी जायचं होतं, कोकणात. पण कोणा नातेवाइकाच्या घरी नाकात नळी लावून चार महिने पाहुणी म्हणून बसायचं नव्हतं. चहा द्यायला आलेली माणसं हळू आवाजात बोलतात ना, ते मला सहन होत नाही. म्हणून आम्ही एक जुनी ट्रॅव्हलर गाडी घेतली आणि तिचं चाकांवरचं घर करायला पानिपतच्या चिरागकडे टाकली. बिछाना, शेगडी, संडास, सगळं आत. आमचा मुलगा सुधन्वा गुरुग्रामला आयटीत आहे. तो म्हणाला, "आई, मराठी माणसाने पानिपतला जायचं? तिथे आपलं काय झालं माहीत आहे ना?"

"तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं," मी म्हटलं.

गाडी ऑक्टोबरात तयार झाली. अडलं ते एकाच गोष्टीवर. गाडीतल्या बॅटऱ्यांवर माझं यंत्र पाच तास चालणार. त्यापुढे जिथे वीज नाही तिथे जनरेटर हवा. तो कुठला घ्यायचा? एक गाडीतच पक्का बसवलेला, बटण दाबलं की सुरू, कोणी हात लावायला नको. दुसरा सुटा, बॅगेएवढा, वजन एकवीस किलो, खाली उतरवून गाडीपासून लांब ठेवायचा. पक्का बसवायचा तर त्याची जागा माझ्या बिछान्याच्या बरोबर खाली, म्हणजे थरथर आणि धूर दोन्ही माझ्या पाठीखाली. सुटा घ्यायचा तर तो उचलणार कोण? गुणवंतांच्या कमरेतली गादी सरकलेली आहे. पट्टा लावून ते चार तास गाडी चालवतात, पण वाकून बादलीसुद्धा उचलायची नाही अशी त्यांना सक्त ताकीद आहे. मला उचलायला श्वास नाही. एकाला कंबर नाही, एकीला फुप्फुसं नाहीत, असं आमचं जोडपं.

गुणवंतांनी तुलनात्मक तक्ता केला. आवाज, वजन, इंधन, दुरुस्ती, सगळ्याचे रकाने. तक्ता झाला, मग सुधारित तक्ता झाला. दिवाळी झाली. खिडकीबाहेरचं कडुनिंबाचं झाड दिसेनासं झालं. रोज सकाळी मी विचारायची, "ठरलं का?" आणि ते म्हणायचे, "विचाराधीन आहे." शेवटी एकदाचं त्यांनी सांगितलं, की पक्काच बसवायचा, मागवला आहे, येईल. सुधन्वाचाही लगेच फोन आला, "बिल्कुल बरोबर डिसिजन आहे आई. सेफ्टी फर्स्ट." त्याचा आवाज जरा जास्तच गोड होता. ताकाला जाऊन भांडं लपवणारा आवाज मी त्याच्या दुसरीपासून ओळखते.

दोन दिवसांनी गुणवंत दूध आणायला गेले, तेव्हा मला त्या सुट्या जनरेटरची मापं बघायची होती. मनातून तो गेला नव्हता. मी गाडीची फाईल उघडली. तक्त्याच्या मागे शेवटचं पान होतं, त्यांच्या सुवाच्य अक्षरात:

"चि. सुधन्वा यांच्याशी दूरध्वनीवर चर्चा झाली. पक्का जनरेटर मागवून बसवण्यास तीन महिने लागतात. तोवर हिवाळा सरेल व सौ. यांचा आग्रह आपोआप कमी होईल. सबब प्रकरण मार्चपर्यंत प्रलंबित ठेवावे. सौ. यांना कळवू नये."

खाली सही, तारीख.

मला आधी हसू फुटलं. जगात बायकोविरुद्ध कट करणारे नवरे खूप असतील, पण त्या कटाचं टिपण लिहून, सही करून, तिच्याच कपाटात ठेवणारा हा एकच. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांत पाणी आलं, आणि मग जो राग आला तो आजतागायत पुरा उतरलेला नाही. माझ्याकडे किती हिवाळे शिल्लक आहेत ते कोणालाच माहीत नाही. त्यातला एक या दोघांनी परस्पर वापरून टाकला होता.

ते दूध घेऊन आले. मी फाईल उघडी करून टेबलावर ठेवली होती. त्यांनी पाहिलं आणि पिशवी हातातच राहिली.

"प्रभा, ते कच्चं टिपण आहे."

"सही पक्की आहे."

"अगं, सुधन्वाचंही म्हणणं होतं की..."

"सुधन्वाला त्याच्या एकविसाव्या मजल्यावरच्या घरात मला ठेवायचंय. फुल पॉवर बॅकअप, हवा शुद्ध करणारी चार मशीनं, काचेतून दिसणारे धुरकट टॉवर. तो पोर आहे, त्याला तसंच सुचणार. तुम्ही का फसवलंत मला?"

ते बसले. दुधाची पिशवी फाईलशेजारी ठेवली. मग जे बोलले ते त्यांनी कुठल्याच फाईलमध्ये लिहिलं नव्हतं.

"वाटेत कुठेतरी बॅटरी संपेल. आजूबाजूला कोणी नसेल. ते धूड मला उचलता येणार नाही. आणि तू माझ्यासमोर... मी काय करू तेव्हा? फक्त बघत बसू?"

मला त्यांची दया आली. पण राग दयेपेक्षा मोठा होता, तो मी गिळला नाही. "आणि इथे काय होतंय? इथेही तेच होतंय. हळूहळू होतंय म्हणून तुमच्या फाईलमध्ये येत नाही, एवढंच. मरायचंच असेल तर मी चिकटपट्टी लावलेल्या खिडकीशी मरणार नाही. तुम्हाला घाबरायचं असेल तर गाडीत बसून घाबरा."

मग मी चिरागला फोन लावला. म्हटलं, पक्का नको. सुटा घेऊन ये, बटणावर सुरू होणारा, दोरी ओढायचा नको. आणि बिछान्याखाली जिथे पक्का बसणार होता, तिथे नुसता कप्पा कर, बाहेरून दार असलेला, जमिनीपासून हातभर उंच, आणि दाराला लावायला एक छोटी फळी. चिराग म्हणाला, "आंटीजी, रखने की जगह तो बना दूँगा, पर उठाएगा कौन?"

"उठाना किसको है?" मी म्हटलं.

ही गोष्ट पुरुषांना कधी कळत नाही. यांच्या नोकरीत आम्ही पाच घरं बदलली, प्रत्येक वेळी हे ऑफिसात आणि सामान माझ्या अंगावर. भरलेला सिलेंडर मी कधी उचलला नाही, बुडाच्या कडेवर तिरका करून फिरवत नेला. लोखंडी कपाट उचललं नाही, गोणपाटावर घालून ओढलं. बायका जड वस्तू उचलत नाहीत, हलवतात. आणि पोटमाळ्यावर आमची जुनी घडीची ट्रॉली होती. पूर्वी सरकारी सुट्टीच्या प्रवासाला निघालो की स्टेशनवर बॅगा बांधून ओढायची ती, दोन चाकांची. वॉचमनला सांगून मी ती खाली काढवली, चाकांना तेल घातलं आणि दांड्याला लांब सुती दोरी बांधली.

रविवारी दुपारी चिराग गाडी घेऊन सोसायटीच्या पार्किंगमध्ये आला. सुधन्वाही आला, तोंडाला मास्क, चेहऱ्यावर काळजी. "आई, प्लीज यार, ड्रामा नको."

"ड्रामा तुम्ही केलात. मी तालीम करतेय."

मी गाडीत बसले होते, नाकात नळी, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. आकडा त्र्याण्णव. पेट्रोलजवळ ऑक्सिजनची नळी न्यायची नाही, हा नियम मीच घातला होता, म्हणून नळी काढून ठेवली आणि खाली उतरले. कप्प्याचं दार उघडलं, फळी लावली. जनरेटर आधीच ट्रॉलीला बांधलेला होता. दोरी ओढली तसा तो घरंगळत फळीवरून खाली आला. मग पंचवीस पावलं. दहाव्या पावलाला थांबले, अठराव्याला थांबले. सुधन्वा पुढे यायला लागला, तेव्हा मी हाताने त्याला जागीच उभं केलं. धूर गाडीकडे येऊ नये म्हणून वाऱ्याच्या खालच्या अंगाला ट्रॉली उभी केली, तार जोडली, बटण दाबलं. जनरेटर सुरू झाला.

परत येऊन पायरीवर टेकले, तेव्हा छातीत भाता चालला होता आणि आकडा पंच्याऐंशी होता.

"पंच्याऐंशी!" सुधन्वा ओरडला. "बघितलंत बाबा? मी म्हणत होतो ना!"

मला बोलता येत नव्हतं. नळी लावली, डोळे मिटले. आमच्या गाडीच्या बॅटऱ्यांत वीज भरत होती आणि ती मी आणली होती. चार मिनिटांनी आकडा ब्याण्णव झाला. मग म्हटलं, "तुझ्या पार्किंगपासून लिफ्टपर्यंत आले तरी पंच्याऐंशीच होतो. तेव्हा तू ओरडत नाहीस."

तेवढ्यात वॉचमन धावत आला. "मैडम, जनरेटर बंद करना पड़ेगा. हवा ख़राब है, ऊपर से ऑर्डर आया है."

"मालूम है भैया," मी म्हटलं. "इसीलिए तो जा रहे हैं."

जनरेटर बंद करायला सुधन्वा निघाला होता. पण त्याच्या आधी गुणवंत निघाले. इतका वेळ ते पाठीला पट्टा बांधून, हाताची घडी घालून भिंतीशी उभे होते. ते ताठ चालत गेले. बटण दाबायला वाकावं लागू नये म्हणून गुडघ्यांत दुमडून बसले, भिंतीचा आधार घेऊन उठले. मग दोरी खांद्यावर घेतली आणि मागे वळूनही न बघता ट्रॉली ओढत आणली, पंचवीस पावलं, एकदाही न थांबता. फळीवरून कप्प्यात ढकलली, दार लावलं आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. चेहरा असा, की मंत्र्यांनी स्वतः बोलावून शाबासकी दिली असावी.

"वाकावं लागत नाही," ते सुधन्वाला म्हणाले. "दोरी लांब आहे."

मास्क खाली करून सुधन्वाने माझ्या पायांशी लोळणारी नळीची जादा लांबी उचलली आणि तिची नीट वेटोळी केली. जाताना एवढंच म्हणाला, "रोज दोनदा व्हिडिओ कॉल. चिमटा कॅमेऱ्यासमोर." मी हो म्हटलं. तेवढं मी त्याला देणं लागत होते.

संध्याकाळी मी औषधं डब्यांत भरत होते, तेव्हा गुणवंतांनी माझ्यापुढे फाईल आणून ठेवली. नवं पान होतं. "सुट्या जनरेटरची चाचणी यशस्वी. कोकणात प्रस्थान करण्यास हरकत दिसत नाही. आदेशार्थ सादर." खाली त्यांची सही, आणि त्याखाली वरिष्ठांसाठी सोडतात तशी मोकळी जागा. छत्तीस वर्षं त्यांनी ती जागा कोणाकोणासाठी सोडली असेल. माझ्यासाठी आज पहिल्यांदा.

मी त्यांचंच पेन मागून घेतलं. पण त्या जागेत काही लिहिलं नाही. पान मागे उलटलं आणि जिथे "सौ. यांना कळवू नये" असं होतं, त्याच्या खाली लिहिलं:

"सौ. यांना कळले. सौ. निघाल्या. सोबत यायचे असल्यास सकाळी सात वाजता तयार राहावे."

आणि सही केली, पूर्ण नावाची.

त्यांनी चष्मा लावून ते वाचलं. एकदा, मग पुन्हा एकदा. डोळे पुसले की चष्मा पुसला, ते मी बघितलं नाही.

"तारीख राहिली," ते म्हणाले.

मी उद्याची तारीख घातली.