एकशे अडतीस ठोके

माझ्या भाचीच्या, गंधालीच्या बाळाचे ठोके एकशे अडतीस होते. कुणाला पटो न पटो, मी स्वतः मोजले होते.

बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात बाळंतपणं केली मी. रायपूरच्या या चकचकीत हॉस्पिटलात मात्र मी नुसती मंदाकिनीमावशी. सकाळी दहाला कळा सुरू झाल्या, सगळं नीट चाललं होतं. बाराला डॉक्टर ऋता आली आणि म्हणाली, "बाळाचे ठोके कमी होत आहेत. सिझर करावं लागेल."

नर्सने ठोके दाखवणारा मॉनिटर तर तासाभरापूर्वीच शेजारच्या खोलीत नेला होता! मग हिला ठोके ऐकू आले कुठून? मी पर्समधली माझी जुनी लाकडी नळी काढली, गंधालीच्या पोटाला लावली, कळ ओसरल्यावर पूर्ण मिनिट मोजलं: एकशे अडतीस, अगदी हवे तसे. आणि ऋताला दंडाला धरून बाहेर नेलं. आमच्याच बुढापारा मोहल्ल्यातली पोरगी, माझ्या डोळ्यांसमोर वाढलेली.

"काहून खोटं बोलून राहिली?"

तिने मान खाली घातली. "मावशी, या महिन्यात माझी सहा सिझर कमी आहेत. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर नाव वाचतात. नोकरी गेली तर शिक्षणाचं कर्ज कोण फेडन?"

"म्हणून माह्या भाचीचं पोट फाडून राहिली?"

तळपायाची आग मस्तकात गेली. मी गंधालीच्या नवऱ्याला, विहंगला गाठलं. "सही करू नको. हिनंच सांगितलं मले, काही गरज नाही म्हणून."

ऋताने त्याच्यापुढे कागद धरला आणि मला विचारलं, "बाळाची हमी तुम्ही घेता का, मावशी?"

बत्तीस वर्षांत मी कुणाला अशी हमी दिली नाही. बाळंतपण केलेली कुठलीच बाई देणार नाही, हे त्या निर्लज्ज पोरीला पक्कं ठाऊक होतं. 

"मौसी, बच्चे को कुछ हो गया तो?" म्हणत विहंगने सही केली.

मुलगी झाली, ठणठणीत. जन्मताच तिने भोकाड पसरलं. विहंगने ऋताला हाताने पेढा भरवला आणि तिने तो खाल्ला.

दुसऱ्या दिवशी गंधालीला पलंगावरून उठवत होते. टाके ताणले गेले तशी ती कळवळली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मावशी, तुह्यं ऐकलं असतं तर माही पोरगी आज नसती."

मी तिच्या पाठीला हात दिला. "हळू ऊठ," म्हटलं.