खालची ओळ

"एटी-फोर," पडद्यामागून डॉक्टर म्हणाले आणि विक्रांतने ८४ टाइप केलं. मग त्याची बोटं थांबली. पडद्यामागे डाव्या कुशीवर झोपलेली पेशंट म्हणजे मनाली, त्याच्या बहिणीची मुलगी होती. चौथा महिना चालू होता तिला.

उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या या टू-डी इको म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या सेंटरवर विक्रांत एकोणीस वर्षं रिपोर्ट टाइप करत होता. डॉक्टर छातीवर प्रोब फिरवत आकडे सांगायचे, हा लिहायचा. वैद्यकीय शिक्षणाच्या नावाने शून्य. पण फुफ्फुसांकडे रक्त नेणाऱ्या नळीतला दाब तिशीच्या आत असला की माणूस हसत घरी जातो, आणि साठीपुढे गेला की डॉक्टर सोबत कोण आलंय ते विचारतात, एवढं त्याला पाठ झालं होतं. चौऱ्याऐंशी त्याने वर्षातून दोनतीनदा लिहिलं असेल.

"साथ में कोण आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"मामा आहे ना बाहेर. माझे मिस्टर, भूषण, पण आलेत, गाडी लावतायत खाली," मनाली म्हणाली.

डॉक्टर हात पुसत बाहेर आले आणि आवाज उतरवून म्हणाले, "हिचा पहिले कधी इको केला होता?"

"हो सर. लग्नाआधी, दोन वर्षांपूर्वी, इथंच. दम लागायचा म्हणून मीच आणलेली. नॉर्मल होता."

"दो साल में इतना नहीं बढ़ता. काढ तो रिपोर्ट."

विक्रांतने जुनी फाइल उघडली. वर आकड्यांच्या रकान्यात ५२ होतं. खाली निष्कर्षात लिहिलं होतं, फुफ्फुसांतला दाब वाढलेला नाही.

सेंटरवर कोऱ्या पानावर रिपोर्ट टाइप करायची पद्धतच नव्हती. आधीच्या पेशंटची फाइल उघडायची, नाव, वय, आकडे बदलायचे, शेवटी निष्कर्षाची ओळ बदलायची आणि प्रिंट द्यायची. दिवसाला चाळीस पेशंट असले की दुसरं करणार काय? विक्रांतच्या हाताला वेग होता, आणि त्याचा त्याला थोडा तोराही होता. त्या दिवशी त्याने मनालीचं नाव टाकलं, वय टाकलं, कानावर पडले तसे आकडे टाकले. खालची ओळ तेवढी आधीच्या पेशंटची राहिली. रिपोर्टात सगळे शेवटची ओळच वाचतात. डॉक्टरांनी घाईत सही केली, बहिणीने पेढे वाटले आणि महिन्याभरात मनाली लग्न होऊन बदलापूरला शिरगावात गेली.

घाम फुटायला हवा होता, रडू कोसळायला हवं होतं. विक्रांतला काहीच झालं नाही. पंख्याने कागद उडत होते, त्यांच्यावर त्याने स्टेपलर ठेवला.

डॉक्टरांनी स्क्रीनवर सहीच्या जागी टाइप केलेलं आपलं नाव बघितलं. "जुना विषय काढू नकोस," ते म्हणाले. "सही माझीपण आहे. नवीन रिपोर्ट दे आणि आजच वर गायनॅक मॅडमकडे पाठव. ये बच्चा रखने में हिच्या जिवाला धोका आहे. त्या समजावतील नीट."

ते आत गेले. विक्रांतने नव्या रिपोर्टची खालची ओळ तीनदा वाचली आणि प्रिंट दिली. मग जुन्याचीही दिली. का दिली, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

मनाली ओढणी सारखी करत बाहेर आली. "काय मामा, मागच्यासारखंच ना? आईला फोन करायचाय."

"नाही गं. दाब खूप वाढलाय. मागच्या टायमाला पण वाढलेला होता."

"तू तर नॉर्मल बोललेलास."

"खालची ओळ बदलायची राहिली. दुसऱ्याच पेशंटची होती ती. चूक माझी आहे, मनू."

तिने दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. ५२ च्या खाली तिचं बोट थांबलं. काउंटरपाशी उभ्या असलेल्या एका पेशंट बाईने "भाऊ, मेरा रिपोर्ट हुआ क्या?" असं दोनदा विचारलं.

"तेव्हा कळलं असतं तर?" मनालीने विचारलं.

"औषधं चालू झाली असती. आणि मूल होऊ देऊ नका, असं सांगितलं असतं."

तिचा हात पोटावर गेला आणि लगेच खाली आला. कागद तिने त्याच्याकडे परत दिले.

"भूषणला तू काही बोलू नकोस. मी सांगेन. कुठं जायचंय आता?"

"वरच्या मजल्यावर, मॅडमकडे. लिफ्ट बंद आहे. थांब, भूषण आला की आम्ही दोघं खुर्चीत बसवून नेतो तुला."

"नको."

ती जिना चढू लागली. विक्रांत कागद घेऊन तिच्या मागे एक पायरी सोडून चालला. चार पायऱ्यांवर ती कठडा धरून थांबली, तोही थांबला. तिचे खांदे वरखाली होताना त्याला मागून दिसत होते. सॉरी म्हणावंसं त्याला फार वाटलं, पण एवढ्या मोठ्या गोष्टीला तो शब्द वापरायची त्याला लाज वाटली. ती चढली, तोही चढला.

वळणावर ती पुन्हा थांबली आणि मागे न बघता तिने हात मागे केला. विक्रांतने घाईने आपला रिकामा हात पुढे केला. तो चाचपून तिने सोडून दिला, दुसऱ्या हातातले दोन्ही कागद ओढून घेतले आणि एकटी पुढची पायरी चढली.