वजाची रेघ

रंगाच्या कारखान्यात वहिनींना सगळेच वहिनी म्हणत. खरा दीर एकच, खाली टाकीवर कामाला होता, बाकीचे फुकटचे.

त्या दुपारी प्रयोगशाळेत वहिनींनी भिंतीवरच्या कोष्टकातले आकडे घेऊन नव्या अभिक्रियेचं गणित मांडलं. रीत सरळ: तयार होणाऱ्या पदार्थांच्या निर्मिती-उष्णतांची बेरीज घ्यायची आणि तीतून आत टाकलेल्यांची बेरीज वजा करायची. उत्तर अधिक आलं तर अभिक्रिया उष्णता खाते, उणे आलं तर ओकते. उत्तर अधिक आलं.

"भाऊजी, खादाड आहे," त्यांनी फोनवर सांगितलं. "टाकीला वाफ द्या."

"दादावर गेलीय म्हणायची," दीर म्हणाला आणि त्याने वाफ सोडली.

मग सहज वहिनींची नजर पुन्हा त्या कोष्टकाकडे गेली. पाणी: २८६. पुढे वजाची रेघ नव्हती.

हायड्रोजन जळून पाणी होतं तेव्हा उष्णता बाहेर पडते. आकडा उणेच हवा. कोष्टक लिहिणाऱ्या जुन्या साहेबांना बाहेर पडणारी उष्णता अधिक धरायची सवय होती. साहेब निवृत्त झाले, कोष्टक भिंतीवर राहिलं. म्हणजे सगळी चिन्हं उलटी. म्हणजे उत्तरही उलटं. टाकी आधीच तापत होती आणि खालून आपण वाफ देत होतो.

वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. फोन लावला, पण आता खाली पंप सुरू झाले होते, त्या आवाजात तो कोण ऐकणार? त्या जिन्याने धावल्या. चप्पल वरच राहिली.

"वाफ बंद करा! थंड पाणी सोडा!"

दिराने आधी चाक फिरवलं, मग विचारलं, "काय झालं?"

"ओकतेय ती."

वाफ थांबली, पाणी सुरू झालं. तापमानाच्या काट्याला मात्र कुणी काही कळवलं नव्हतं. तो लाल पट्टीकडे चढतच राहिला. टाकीच्या पोटातून गुरगुर येऊ लागली.

"वहिनी, तुम्ही बाहेर व्हा."

"गणित माझं आहे."

"टाकी माझी आहे. जा म्हणतो ना!"

"तुमच्या दादाला काय सांगू मग?"

दोघांनी पाण्याच्या चाकावर हात दाबून ठेवले. ते पूर्ण उघडलेलं होतं, दाबून काही होणार नव्हतं. काटा लाल पट्टीला टेकला, थरथरला आणि तिथेच थबकला.

बऱ्याच वेळाने केसभर खाली आला.

"आकडा किती चुकला होता?" दिराने विचारलं.

"आकडा बरोबर होता. चिन्ह चुकलं."

"म्हणजे एका रेघेपायी गेलो असतो?"

वहिनींनी मान डोलावली. काटा हिरव्यात आला तरी चाकावरचा हात दोघांपैकी कुणालाच काढता येईना.