उजवा मडगार्ड

गुरुदास बाबाने कागद माझ्यापुढे ठेवला आणि पेनही उघडून हातात दिलं.

"धाकू आजोबा, इथे खाली सही करा. वकिलांनी मुद्दाम मराठीत करून दिलंय. वाचत बसू नका, दोनच ओळी आहेत."

दोनच ओळी असतील तर वाचायला वेळ तो किती लागणार? मी चष्मा लावला. अक्षरं मला साठीनंतर आली, त्यामुळे मी अजून बोट ठेवून वाचतो. बोट ठेवून वाचलं की शब्द निसटत नाही. कागदावर होतं:

'सन १९६८ मध्ये सदर मोटारीच्या पुढच्या उजव्या मडगार्डची स्थानिक लोहाराकडून तात्पुरती दुरुस्ती करून घेण्यात आली. तो भाग मूळ नसून त्यास ऐतिहासिक मोल नाही.'

"लोहार कोण?" मी विचारलं.

"तुम्हीच की," गुरुदास म्हणाला.

"मी कासार. दिचोलीच्या बाजारात लहान मूलसुद्धा सांगेल."

गुरुदास ओशाळला. "बरं, कासार करतो. मग सही कराल ना?"

"अजून दुसरी ओळ राहिलीय," मी म्हटलं.

आम्ही त्याच्या बंगल्यामागच्या गॅरेजात होतो. माझ्या गुडघ्यांमुळे त्याने आम्हाला न्यायला गाडी पाठवली होती. माझी बायको गंगा खुर्चीवर बसून चहात पाव बुडवून खात होती. समोर ती मोटार उभी होती. इटलीची, चांदीच्या रंगाची, बारा सिलिंडरची. गुरुदासच्या आजोबांनी, खाणवाल्या दत्ताराम बाबांनी, ती एकोणसाठ साली मुरगाव बंदरात उतरवून घेतली, तेव्हा गोव्यावर पोर्तुगिजांचं राज्य होतं. पुढचं नाक लांब आणि जमिनीसरसं, मागची बाजू आखडलेली, झेप घेण्याआधीच्या मांजरासारखी. आता तिचा उजवा दिवा काढलेला होता, आणि त्या भोकात विजेरी घालून मुंबईहून आलेले रेगे साहेब वाकून बघत होते. जुन्या मोटारी अस्सल आहेत की नाहीत हे ठरवणं त्यांचं काम. त्यांनी दाखला दिला तर मोटार युरोपात कुठल्याशा मोठ्या प्रदर्शनात उभी राहणार होती.

"नवा मडगार्ड कारखान्यातून येईल, आजोबा," रेगे न वळताच म्हणाले. "जुन्या नकाशावरून, यंत्राने काढलेला. हा कापायचा आणि तो बसवायचा. तुमच्या कामाला मी नावं ठेवत नाही. त्या काळच्या मानाने बरंच आहे."

त्या काळच्या मानाने म्हणजे काय, ते मला सांगायला हवं.

अडुसष्ट साली पावसाळ्याच्या आधी दत्ताराम बाब मुळगावच्या वळणावर रस्त्याकडेच्या चिऱ्यांच्या गडग्यावर आदळले. स्वतः वाचले, मोटारीची उजवी बाजू फाटली. त्यांनी इटलीला पत्र घातलं. उत्तर आलं की सुटा मडगार्ड मिळत नाही, प्रत्येक मोटारीचं अंग तिच्यापुरतं हातानेच ठोकतात, तेव्हा मोटार इकडे पाठवा. पाठवायला सरकारी परवाना मिळेना. खाणीच्या वर्कशॉपमध्ये ट्रकचं जाड पोलाद वाकवणारे फिटर होते, पण हे अंग ॲल्युमिनियमचं. त्याला कोणी हात लावीना.

मग ते आमच्या आळीत आले. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा. समया आणि घागरी करायचो. म्हणजे करायचो पूर्वी. त्या सुमारास बाजारात ॲल्युमिनियमची स्वस्त भांडी आली होती, आणि घागर घ्यायला कोणी उंबरा चढत नव्हतं.

"धाकू, घागरीचं पोट काढतोस ना? तसं हे काढायचं," दत्ताराम बाब म्हणाले.

"ॲल्युमिनियमचं?" मी म्हटलं. "त्याच धातूने आमचं पोट मारलं, बाब."

"मग धर त्याला आणि बडव," ते म्हणाले.

मला ते पटलं.

पहिल्याच दिवशी मी कासाराचीच चूक केली. तांबं तापवून लाल झालं की नरम पडतं, हे हाताला मुरलेलं. ॲल्युमिनियमही लाल होईल म्हणून मी भाता मारत राहिलो. ते लाल होईचना. आणि एकदम, पेजेवरची साय फाटावी तसं पत्र्याला भोक पडलं आणि धातू खाली ठिबकला. मुंबईहून मागवलेला पत्रा एकच होता, त्यातला अर्धा गेला. खाणीतला वेल्डर पांडुरंग पोट धरून हसला.

"अरे कासारा, हो लाल जायत नाय. तो असोच मरता. वर कपड्याचो साबण घास. साबण काळो पडलो की आग बंद कर."

साबणाने काम झालं. मग मी डाव्या मडगार्डावर वीत वीत अंतराने तांब्याची तार वाकवून बसवली, प्रत्येक ठिकाणची वळणं तारेत उतरवली, आणि तारा उलट्या करून उजव्यासाठी घेतल्या. फणसाच्या ओंडक्यात खळगा कोरून त्यात पत्रा ठोकला, मग लोखंडी खुंटावर चढवून मठारला. मठारणं म्हणजे हलक्या हाताने, ठोक्याला ठोका लावून अंग सारखं करणं. चाकामागे डाव्या बाजूला माशाच्या कल्ल्यांसारख्या तीन फटी होत्या. मला वाटलं शोभा. पांडुरंगने इंजिन सुरू करून माझा हात तिथे धरला. गरम वारा भसाभस बाहेर येत होता. त्या मोटारीत नुसत्या शोभेची एकही गोष्ट नव्हती. जे दिसायला देखणं होतं, ते वाऱ्यासाठी नाहीतर उष्णतेसाठी केलेलं होतं.

तेविसाव्या दिवशी मडगार्ड लावून बघितला. बसेना. दिव्यापाशी बोटभर फट.

मी सुतळी घेतली आणि मोटारीच्या मध्यापासून दोन्हीकडे मोजलं. पुन्हा मोजलं. चूक माझी नव्हती. मोटारच दोन्ही बाजूंनी सारखी नव्हती. उजवा दिवा डाव्यापेक्षा पुढे होता. मी रॉकेलची चिमणी घेऊन डाव्या मडगार्डाखाली आडवा झालो आणि आत बघितलं. बाहेरून आरशासारखं अंग, आणि आतून हातोडीचे ठोके, आमच्यासारखेच. एके जागी पत्रा फार पातळ झाला म्हणून इटलीतल्या ठोकणाऱ्याने रुपयाएवढं ठिगळही लावलं होतं. तो माणूस कोण, मला ठाऊक नाही. पण दमला की त्याची हातोडी उजवीकडे कलत होती. माझीही कलते.

मी तारा कोपऱ्यात फेकल्या आणि तिथून पुढे मोटारीकडे बघून ठोकलं.

दिव्याभोवतीचा तुकडा कमी पडला. पत्रा संपलेला. पाऊस तोंडावर. घरात गंगाचा लग्नात आलेला ॲल्युमिनियमचा टोप होता. कासाराच्या सुनेला ॲल्युमिनियमचा टोप दिला म्हणून माझ्या आईने व्याह्यांना वर्षभर बोल लावले होते. त्या टोपाच्या बुडाची गोलाई दिव्याच्या गोलाईला हुबेहूब लागत होती. मी तो कापला. कडेवर ठिपक्या-ठिपक्यांनी तिचं नाव घातलेलं होतं, ते मठारायला हात होईना. ती पट्टी मी दिव्यामागे आत वळवली.

"म्हायारचो टोप कापल्यात?" गंगा म्हणाली. "हात कसो धजलो तुमचो?"

दत्ताराम बाबांनी तिला नवे टोप पाठवले. तिने दारातूनच परत केले. "तेंच्यार माझा नाव नाय," म्हणाली, आणि पावसाळाभर मडक्यात भात शिजवला.

हे सगळं मी रेगे साहेबांना सांगितलं. ते ऐकत होते, पण हातातलं मोजायचं यंत्र त्यांनी खाली ठेवलं नाही.

"गोष्ट छान आहे, आजोबा. पण नकाशात आणि तुमच्या मडगार्डात अकरा मिलिमीटरचा फरक आहे."

"डावा मोजलात?"

"डावा मूळ आहे."

"मूळ आहे का ते नाही विचारलं. मोजलात का?"

ते गुरुदासकडे बघायला लागले. गुरुदास म्हणाला, "मोजा ना. त्यांचं समाधान."

यंत्रातून लाल प्रकाशाची बारीक रेघ डाव्या मडगार्डावरून फिरली. रेग्यांनी आकडा वाचला, यंत्र पुसलं, पुन्हा फिरवलं.

"किती?" मी विचारलं.

"सात," ते म्हणाले. "हाताचं काम आहे. तेवढा फरक गृहीत असतो."

"म्हणजे त्याची चूक मूळ, आणि माझी चूक तात्पुरती?"

"तो त्या कारखान्याचा माणूस होता."

"आणि मी दिचोलीचा. मोटार दिचोलीत आपटली. इटलीत आपटली असती तर मी गेलो नसतो ठोकायला."

गंगा खुर्चीत हसली. रेगेही थोडे हसले, पण मान हलवत म्हणाले, "नियम मी केलेले नाहीत. हा भाग राहिला तर दाखला नाही. दाखला नाही तर प्रदर्शन नाही."

गुरुदास माझ्याजवळ येऊन बसला. "आजोबा, राग मानू नका. ही मोटार जगाने बघावी असं आमच्या आजोबांना फार वाटायचं. आता खाण बंद, ट्रक गंजले. त्यांच्या हातचं एवढंच उरलंय माझ्याकडे."

"तुझ्या आजोबांनी ही मोटार किती वर्षं चालवली?"

"तीस."

"त्यातली नऊ वर्षं त्या मडगार्डावर आणि एकवीस ह्याच्यावर. पेडण्याला गेले, तेरेखोलच्या फेरीबोटीत चढवली, फोंड्याच्या देवळापुढे उभी केली, सगळं ह्याच्यावर. पंचावन्न वर्षं टिकलं ते तात्पुरतं, आणि अजून जे आलंच नाही ते मूळ. मी हे लिहून देणार नाही. तुला कापायचा तर काप. मोटार तुझी आहे. पण माझ्या सहीने कापू नकोस."

गंगाने बशी खाली ठेवली, हात पुसले आणि उठली.

"काप रे बाबा," ती गुरुदासला म्हणाली. "माझी हरकत नाय. पण माझो टोप माका परत दी."

"कसला टोप?" रेग्यांनी विचारलं. माझी गोष्ट त्यांनी किती ऐकली होती ते तेव्हा कळलं.

ती मोटारीपाशी गेली आणि दिव्याच्या भोकात हात घातला. बघितलंही नाही. बोटं फिरली आणि थांबली. "हो बघ. हयसर."

रेग्यांनी विजेरी लावली. 'सौ. गंगा' एवढं ठिपक्यांत स्वच्छ दिसत होतं.

"हे मघाशी दिसलं होतं मला," ते म्हणाले. "कारखान्याची खूण असेल असं वाटलं."

"खूण कसली? नाव माझा. जेचा नाव तेचा भांडा. तुमच्या मुंबयत रीत नाय?" मग गुरुदासकडे वळून म्हणाली, "आणि रिकामो देव नको हां. नाव घातलेला भांडा रिकामा परत करीत नाय."

"आजी, पण तो आता मडगार्ड आहे," रेगे म्हणाले.

"माका काय तेचा? मी खंय मडगार्ड दिललंय?"

गुरुदास हसायला लागला आणि हसता हसता थांबला. "रेगे साहेब, आजींचं खरं आहे. शेजारची नावाची वाटी घरात राहिली तर आमची आजी जेवत नसे. आधी वाटीत काहीतरी घालून परत, मग ताट."

मी कागद पुढे ओढला. दोन्ही ओळींवर काट मारली. खाली लिहायला घेतलं. मला वेळ लागतो. रेगे घड्याळ बघत होते, बघू दे म्हटलं. मी लिहिलं:

'हा मडगार्ड मी केला. तो तात्पुरता नाही. दिव्याजवळचा तुकडा गंगाच्या टोपाचा आहे. धाकू कासार, दिचोली.'

रेग्यांनी वाचलं. "ह्याचा मला काही उपयोग नाही, आजोबा."

"तुमच्या उपयोगाला लिहिलंच नाही."

गुरुदासने कागद त्यांच्या हातून घेतला. तो बराच वेळ वाचत राहिला, तीन ओळींना लागतो त्याहून जास्त. मग त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली, टेबलावर काढून ठेवलेला दिवा उचलला आणि मोटारीपुढे गुडघ्यावर बसला. दिवा भोकात बसवला. एक स्क्रू आवळला. दुसरा आवळला.

"गुरुदास, विचार करा," रेगे म्हणाले. "प्रदर्शनात पुन्हा बोलावणं यायचं नाही."

"पेचकस जरा लहान द्या," गुरुदास म्हणाला. "तिसरा घट्ट बसत नाहीये."

रेग्यांनी पेचकस दिला. मग आपली यंत्रं पेटीत भरली, माझ्याशी हात मिळवला आणि पणजीच्या वाटेला लागले. माणूस वाईट नव्हता. जाताना उजव्या मडगार्डावरून एकदा तळवा फिरवून गेला, ते मी बघितलं.

गुरुदासने मोटार सुरू केली. बारा सिलिंडर आधी खोकले, मग एका सुरात लागले. त्याने डावीकडचं दार उघडलं आणि गंगाला म्हणाला, "या आजी. टोप तर परत करता येत नाही. तुम्हीच बसा त्यात."

पंचावन्न वर्षांत ती त्या मोटारीत कधी बसली नव्हती. तिने पदर खोचला, गुडघे दुमडले आणि शिव्या देत आत उतरली. जागा दोनच. मी फाटकाशी उभा राहिलो. आवाज बाजारापर्यंत दबलेला होता, पुढे मोकळा झाला. मुळगावच्या वळणाला त्याने वेग सोडला, वळण घेतलं आणि पुन्हा दाबला, ते इतक्या लांबूनही कळलं.

परत आल्यावर गंगाला बाहेर काढायला आम्हा दोघांना ओढावं लागलं. केस विस्कटलेले, डोळ्यांतून पाणी. ती सरळ पुढे गेली आणि दिव्याच्या कडेला, आपल्या तुकड्यावर हात ठेवला. झटकन मागे घेतला.

"अजून बरो तापता हां," म्हणाली.