जरा व्यापक विषय घ्या

"मावशी, हे खोडा," मी म्हणाले.

"सगळंच?"

"सगळंच. 'स्त्रीशिक्षण : काल, आज आणि उद्या.' यात तर जन्म जाईल तुमचा!"

वर्गात तिला सगळे मावशीच म्हणत. लेकाच्या वयाची मुलं म्हणत, म्हणून मीही म्हणायला लागले. दिवसभर कारखान्यात शर्टाच्या कॉलरी शिवायच्या आणि संध्याकाळी आमच्या महाविद्यालयात येऊन बसायचं, हा तिचा दिनक्रम. हा शेवटचा निबंध पास झाला की पदवी हातात येणार होती आणि मशीन सोडून कारखान्याच्या ऑफिसात बसायला मिळणार होतं. मी तिथे तासांवर शिकवणारी. माझं पुढचं वर्ष प्राचार्यांच्या मर्जीवर.

"इथे आल्यावर रोज काय खटकतं, ते सांगा," मी विचारलं.

"ग्रंथालयाचं कुलूप," ती ताडकन म्हणाली. "आम्ही सहाला येतो, ते पाचला बंद. वर म्हणतात पुस्तकं वाचा. कुठली वाचू? दाराच्या काचेतून दिसतात ती?"

मिळाला प्रश्न! संध्याकाळचे विद्यार्थी ग्रंथालय का वापरत नाहीत? एवढाच, मुठीत मावेल असा. मावशीला उत्साहाच्या भरात शहरातली सगळी महाविद्यालयं घ्यायची होती. म्हटलं, बाई, आपलं एक दार पुरे. पद्धतही साधीच ठरवली. वर्गातल्या प्रत्येकाला तेच तीन प्रश्न विचारायचे. दोन आठवडे तासाआधी दारासमोरच्या बाकावर बसायचं आणि कोण येऊन कुलूप बघून परत जातं ते टिपायचं. आणि ग्रंथपालांचं म्हणणं ऐकल्याशिवाय निष्कर्षाची एक ओळही लिहायची नाही.

"ते चिडले तर?"

"चिडले तर तेही लिहा."

ते चिडले नाहीत. "संध्याकाळसाठी दुसरा माणूस द्या म्हणून कधीचा घसा कोरडा करतोय," एवढंच म्हणाले. मावशीने तेही लिहिलं.

चिडले ते प्राचार्य. मला बोलावून घेतलं, पण आवाज अगदी गोड.

"मॅडम, विषय जरा व्यापक घ्या ना. 'तरुणाईतील वाचनसंस्कृतीचा ऱ्हास.' कसा वाटतो?"

कसा वाटणार? त्यावर ते स्वतःच दरवर्षी भाषण ठोकतात. अख्ख्या पिढीला नावं ठेवली की कोणालाच झोंबत नाही, म्हणून तर व्यापक विषय सगळ्यांना आवडतात. दाराला कुलूप घालायचं आणि कोणी वाचत नाही म्हणून गळा काढायचा, या चोराच्या उलट्या बोंबा नाहीत तर काय!

"विषय बदलणार नाही, सर," मी म्हणाले. मावशीने दुसऱ्याच दिवशी निबंध दिला.

पुढच्या आठवड्यात ग्रंथालय रात्री नऊपर्यंत उघडं राहू लागलं. दुसरा माणूसही आला. मी अशी हरखले, की स्टाफरूममध्ये सगळ्यांना चहा पाजला. मग निबंध परत आला. वर प्राचार्यांचा शेरा होता : 'विषय वस्तुस्थितीला धरून नाही. ग्रंथालय संध्याकाळी उघडे असते. पुढील वर्षी नवीन विषय घेऊन लिहावे.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या निबंधाने दार उघडायला लावलं, तोच खोटा! तो घेऊन मी तडक ग्रंथालयात शिरले. बहुतेक खुर्च्या भरलेल्या होत्या. मावशी खिडकीपाशी एका जाडजूड पुस्तकात डोकं घालून बसली होती.

मी निबंध तिच्यापुढे ठेवला. तिने शेरा वाचला, पुन्हा वाचला. तिचे डोळे भरून आले.

"म्हणजे अजून एक वर्ष कॉलरी," ती म्हणाली.

"मुळीच नाही! ही शुद्ध लबाडी आहे! उठा, आत्ताच्या आत्ता जाब विचारू. काय समजतात काय हे स्वतःला?"

तिने पदराने डोळे पुसले आणि माझा हात धरून मला खाली बसवलं.

"जाऊ ना मॅडम, उद्या नक्की जाऊ. मी कारखान्यातून सुट्टी काढते. पण आत्ता जरा हळू बोला. लोक वाचतायत."